प्रिंटर नको, कानशी द्या : नागपूर परिसरातल्या कंपन्यांच्या सीएसआर (सामाजिक जबाबदारी) समित्यांना खुले पत्र

माननीय सदस्यांना,
स. न. वि. वि.

बुटीबोरी, हिंगणा, कळमेश्वर, मिहान. तुमच्यापैकी बहुतेकांचे कारखाने आणि कार्यालयं आमच्या कार्यशाळेपासून तासाभराच्या आत आहेत. तरी आपली भेट वर्षातून एकदाच होते, आणि तीही हमखास मार्चमध्ये. म्हणून यंदा मार्चची वाट न पाहता पावसाळ्यातच लिहायला बसले.

आमची ओळख थोडक्यात. पाचपावली भागात एका समाजभवनाची मागची खोली आम्हाला दर रविवारी मिळते. पाचवी ते दहावीची चाळीसेक मुलं-मुली येतात. कुणाच्या घरी पॉवरलूम, कुणाची आई शिवणकाम करते, कुणाचे वडील ऑटो चालवतात. इथे मुलं हाताने काहीतरी करतात: कापतात, जोडतात, जाळतात, रंगवतात, बिघडवतात. फी नाही. मी आयटीआयमध्ये 24 वर्षं निदेशक होते, निवृत्तीनंतर घरी बसवेना म्हणून हे सुरू झालं. संस्था नोंदणीकृत आहे, आयकराची 12ए आणि 80जी नोंदणी आहे, सीएसआरचे पैसे घ्यायला लागणारा सीएसआर-1 फॉर्मचा नंबरही आहे. कागदांत आम्ही कुठे कमी नाही.

पत्राला निमित्त झालं ते थर्माकोलच्या चेकचं.

मागच्या मार्चमध्ये तुमच्यासारख्याच एका कंपनीने आम्हाला एक थ्रीडी प्रिंटर, पाच टॅब आणि चार फूट लांबीचा एक चेक दिला. नाव सांगत नाही. माणसं भली होती, आणि चूक त्यांची एकट्यांची नव्हतीच, कारण प्रत्येक गोष्टीला ‘हो, चालेल’ म्हणणारी मीच होते. कार्यक्रम अकराचा होता, साहेब एकला आले. तोवर मुलं नवे टी-शर्ट घालून सतरंजीवर बसून. त्यातल्या नऊ जणांचा दुसऱ्या दिवशी विज्ञानाचा पेपर. फोटो झाले, समोसे झाले, गाड्या गेल्या. सातवीतली एक पोरगी चेककडे बराच वेळ पाहत होती. मग म्हणाली, “ताई, हा बँकेच्या खिडकीतून आत कसा जाईन जी?”

प्रिंटर सहा आठवडे चालला. मुलांनी कीचेन काढल्या, आपापली नावं काढली, एकाने आजीच्या चष्म्याची तुटलेली काडी काढली (ती वाकडी झाली, पण आजी वापरते). मग नोझल चोंदलं आणि रीळही संपलं. नवं रीळ हजार रुपयांच्या घरात जातं, दुरुस्तीवाला येण्याचेच पैसे घेतो. अर्ज भरताना ‘आवर्ती खर्च’ या रकान्यात शून्य लिहा असं आम्हाला प्रेमाने सुचवण्यात आलं होतं. तो रकाना भरलेला दिसला की प्रस्ताव वर सरकत नाही म्हणे. मी शून्य लिहिलं. आता प्रिंटरवर माझ्या जुन्या साडीचं कव्हर आहे.

चेकचा मात्र उपयोग झाला. हीटरच्या जळक्या कॉइलमधली नायक्रोमची तार सरळ करून, बारा व्होल्टच्या ट्रान्सफॉर्मरला जोडून मुलांनी थर्माकोल कापायचं यंत्र केलं होतं. खिडक्या सताड उघड्या ठेवून त्यावर चेक कापला आणि आठ ग्लायडर झाली. एकाच्या पंखावर रकमेतला ‘फक्त’ हा शब्द तेवढा आला. ते ग्लायडर सारखं एका बाजूला गोते खायचं. शोधता शोधता कळलं की त्या कडेला चेकचा छापील कागद दुहेरी मुडपलेला होता, म्हणून पंख जड. दुसऱ्या पंखावर चिमूटभर ओली माती चिकटवली तेव्हा ते सरळ गेलं, थेट समोरच्या गच्चीवर.

यंत्रं वाईट असतात असं मी म्हणत नाही. माझं आयुष्य यंत्रांजवळ गेलं. माझं म्हणणं एवढंच आहे की हाताने शिकायच्या जागी पैसा लागतो तो संपणाऱ्या वस्तूंना आणि शिकवणाऱ्या माणसाला, आणि नेमक्या याच दोन गोष्टींना तुम्ही पैसे देत नाही.

उदाहरण सांगते. सध्या आमच्याकडे तान्ह्या पोळ्याची गडबड आहे. बाहेरून बदलीवर आलेल्या अधिकाऱ्यांसाठी: पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपल्याकडे लहान पोरं चाकं लावलेला लाकडी नंदी सजवून, दोरीने ओढत घरोघरी जातात, आणि लोक त्यांच्या हातावर बोजारा, म्हणजे खाऊ किंवा पैसे, ठेवतात. नंदी चितार ओळीत विकत मिळतो. आमची मुलं तो स्वतः करतात. आरामशीनवरून सागाचे तुकडे आणतो, बाकी करवत, पटाशी, कानस, गिरमिट.

आठवीतल्या एका मुलाचा नंदी उभा केला की देखणा दिसायचा, पण ओढला की फरफटत यायचा. चाकं फिरतच नव्हती. त्याने आसासाठी सहा मिलिमीटरची सळई घेतली होती आणि चाकाला भोकही सहाचंच पाडलं होतं. माप चोख होतं. भोक पाडलं त्या दिवशी चाक जरा जोर लावून का होईना फिरत होतं, पण मधल्या आठवड्यात झड लागली, लाकडाने ओल धरली आणि चाक आवळून बसलं. त्याने साबण लावला. मेणबत्ती घासली. गोडेतेल सोडलं, तरी चाक आवळलेलंच. ‘घर्षण’ या शब्दाची व्याख्या त्याला तोंडपाठ होती, त्याने ती मला म्हणूनही दाखवली.

आमचे सुतार काका तोंडाने फार कमी शिकवतात. त्यांनी पोराला बाहेर नेलं, स्वतःच्या हातगाडीचं चाक धरून गदागदा हलवून दाखवलं आणि परत येऊन विडी पेटवली (बाहेर, खोलीत परवानगी नाही). पोरगं तिथेच उकिडवं बसून चाकातली फट बोटाने चाचपत राहिलं. “म्हणजे ढिलं ठेवलं तरच फिरते का जी?” मग सातचं भोक पाडलं. नंदी चालायला लागला, पण डावीकडे वळायला लागला, कारण पुढचा आणि मागचा आस समांतर नव्हते. त्याला आणखी एक रविवार गेला.

तीन रविवारांचा हिशेब: ड्रिलची दोन पाती मोडली, सळईचा तीन फुटांचा तुकडा, सॅन्डपेपरचे चार ताव, वाया गेलेला सागाचा एक ठोकळा आणि काकांचं मानधन. काका रविवारी आमच्याकडे येतात म्हणजे त्यांचं एका दिवसाचं काम बुडतं, ते फुकट कसं बुडवायचं? यातली एकही बाब तुमच्या अर्जातल्या ‘मालमत्ता’ या रकान्यात बसत नाही. मोडलेल्या पात्याला नामफलक चिकटवता येत नाही, हे मला समजतं.

अर्जातला आणखी एक रकाना: ‘विज्ञान / कला / तंत्रज्ञान, एकावर खूण करा.’ आम्ही तिन्हींवर केली तर अर्ज परत आला. आता सांगा, हे कशात बसवू? गणपतीच्या आधी आम्ही मुलांना चितार ओळीत नेतो. तिथल्या एका मूर्तिकाराने मातीत काय-काय मिसळतात ते दाखवलं. परत आल्यावर मुलांनी तीन थापट्या केल्या: एक नुसत्या मातीची, एक कागदाच्या लगद्याची, एक बारीक कुटार (भुसा) घातलेली. नुसती माती दोन दिवसांत तडकली, कुटाराची तशीच राहिली. एका मुलीने कुटार घालून मोर केला आणि त्याची मान पहिल्यांदाच तुटली नाही. मोर कलेत घालायचा आणि कुटार विज्ञानात?

आता कायद्याबद्दल दोन शब्द. ‘मॅडम, इच्छा आहे, पण कायदा परवानगी देत नाही’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं की शेवटी स्वतःच कायदा वाचला. कंपनी कायदा 2013, कलम 135. नक्तमूल्य (नेट वर्थ) 500 कोटी, उलाढाल 1000 कोटी किंवा निव्वळ नफा 5 कोटी, यातलं एक गाठलं की मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे 2 टक्के सामाजिक कामावर खर्च करायचे. हे तुम्हाला पाठ आहे. त्याच कलमात असंही आहे की कंपनी जिथे चालते त्या परिसराला प्राधान्य द्यावं.

गोंधळ होतो तो पाच टक्क्यांचा. प्रशासकीय खर्च 5 टक्क्यांवर नेता येत नाही, म्हणून शिक्षिकेचं मानधन देता येत नाही, असं आम्हाला सांगतात. पण 2021 मध्ये सुधारलेल्या नियमांत प्रशासकीय खर्चाची व्याख्या स्वच्छ दिली आहे: कंपनीने स्वतःच्या सीएसआर कामाच्या सर्वसाधारण व्यवस्थापनावर केलेला खर्च. एखादा प्रकल्प आखणं, राबवणं, त्यावर देखरेख ठेवणं, मूल्यमापन करणं, यावरचा थेट खर्च त्यात धरायचा नाही, असं तिथेच लिहिलं आहे. सुतार काका, जळक्या मोटरींची तार पुन्हा गुंडाळून देणारे रिवाइंडिंगवाले काका आणि दर रविवारी सोल्डरिंग शिकवणारी आमची ताई हे प्रशासन नाहीत. तेच प्रकल्प आहेत. ही ताई पदविकाधारक आहे, मुलांना मल्टिमीटर असा शिकवते की पोरं घरी जाऊन रिमोटचे सेल तपासत बसतात. दोन वर्षं तिला आम्ही रिक्षाभाड्यापेक्षा जरा जास्त देतो. उद्या तिला बुटीबोरीत, कदाचित तुमच्याच कारखान्यात, नोकरी लागेल आणि मी तिला पेढे देऊन निरोप देईन. मग इथे शिकवायला कोण?

दुसरं, दरवर्षी नवा अर्ज आणि नवं उद्घाटन हेही कायदा मागत नाही. ‘ऑनगोइंग प्रोजेक्ट’ म्हणून मंजुरी दिली तर सुरुवातीचं आर्थिक वर्ष सोडून आणखी तीन वर्षं काम चालवता येतं, न खर्चलेली रक्कम वेगळ्या खात्यात ठेवता येते. म्हणजे मार्चची जी धावपळ होते, ती निदान आमच्यासारख्यांच्या बाबतीत टाळता येण्यासारखी आहे.

आणि मार्च कसा बघा. तुमच्याकडे पैसे संपवायची घाई असते तेव्हा आमच्या मुलांच्या परीक्षा असतात. मुलं मोकळी होतात एप्रिलच्या मध्यानंतर. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे जूनच्या शेवटाकडे उघडतात, म्हणजे दोन महिने पोरं घरी, डोक्याने ताजी आणि रिकामी. त्याच दोन महिन्यांत तुमचं नवं बजेट मंजूर व्हायचं असतं आणि आमचा डबा रिकामा असतो. नागपूरचा उन्हाळा म्हणजे फुकटची प्रयोगशाळा आहे हो. 26 मेच्या आसपास दुपारी 12 वाजून 10 मिनिटांच्या सुमाराला सूर्य आपल्या बरोब्बर डोक्यावर येतो. गवंड्याकडून ओळंबा मागून आणायचा, पाइपचा तुकडा उभा करायचा आणि सावली पाइपच्या पायाशी गडप होताना बघायची. खर्च शून्य, हा एक प्रयोग मी तुमच्या ‘आवर्ती खर्च’ रकान्यात आनंदाने लिहीन.

कूलरचं त्याहून भारी. प्रत्येक घरात कूलर, आणि तो उघडून पाहायची प्रत्येक मुलाला मनाई. आम्ही एक भंगारातला आणला. वाळ्याच्या ताट्या, पंप, पंखा, सगळं सुटं केलं. मग दोन थर्मामीटर शेजारी टांगले, एकाच्या टोकाला ओलं फडकं. मेमधल्या एका दुपारी कोरडा 43 दाखवत होता आणि ओला 23. पोरांना वाटलं ओला बिघडला. बदलून पाहिला, तरी तेच. जुलैत पाऊस लागल्यावर पुन्हा टांगले: 30 आणि 27. आमच्या पॉवरलूमवाल्याची सहावीतली मुलगी वहीत बघून म्हणाली, “तरीच आई म्हणते, पावसाळ्यात कूलर नुसती चिकचिक करून राहिला.” तिच्या आईला आर्द्रता हा शब्द माहीत नसेल, वस्तुस्थिती तिने आधीच मोजलेली होती. त्या दिवशी पंप मात्र जळला, कारण कुणीतरी तो पाण्याबाहेर चालवला. तो पंप पुढे रिवाइंडिंगवाल्या काकांनी उघडून दाखवला आणि त्यातून पुढचे दोन रविवार निघाले. तुमच्या भाषेत हे मालमत्तेचं नुकसान. आमच्याकडे याला पुढचा धडा म्हणतात.

लाभार्थींची संख्या हा आणखी एक विषय, पण त्यात फार शिरत नाही. ‘दर माणशी खर्च’ काढला तर आम्ही नेहमीच महाग ठरतो, कारण आमची चाळीस मुलं पुढच्या रविवारीही तीच चाळीस असतात. हजार मुलांना मैदानात बसवून, खायचा सोडा आणि व्हिनेगरचा ज्वालामुखी दाखवून दोन तासांत मोकळं करणं फार स्वस्त पडतं.

हे काही मी नवीन सांगत नाही. नागपूरच्या दोन्ही अंगांना हे होऊन गेलंय. इकडे वर्धा: ऑक्टोबर 1937 मध्ये तिथल्या परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगातून शिक्षणाचा विचार मांडला आणि सेवाग्रामात नई तालीम उभी राहिली. तिकडे सातपुडा ओलांडला की होशंगाबाद: 1972 मध्ये 16 शाळांत प्रयोगातून विज्ञान शिकवणं सुरू झालं आणि 2002 मध्ये सरकारने ते बंद करेपर्यंत 30 वर्षं चाललं. टाकाऊ वस्तूंतून विज्ञानाची खेळणी करणाऱ्या अरविंद गुप्तांनी काड्यापेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबच्या आकृत्या तिथेच सुरू केल्या. लोक त्या काड्यांचं कौतुक करतात. मला कौतुक वाटतं ते दुसऱ्याच गोष्टींचं: शिक्षकांच्या दर महिन्याला बैठका व्हायच्या, आणि संपलेलं साहित्य पुन्हा भरून मिळायचं. काडी मोडते, ती पुन्हा लागते, हे त्या आखणीत गृहीत धरलं होतं.

सरकारी योजनाही हे जाणते. अटल टिंकरिंग लॅबच्या मूळ आराखड्यात एका शाळेला 20 लाखांपर्यंत अनुदान होतं, त्यातले 10 लाख उभारायला आणि 10 लाख पाच वर्षं चालवायला. निम्मे! आणि 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांनी 10 दिवस दप्तराविना सुतार, माळी, कुंभार, कलाकारांजवळ शिकावं असं म्हटलंय. आमचे काका कधीपासून तयार बसले आहेत.

गांधीसागरासमोरच्या रमण विज्ञान केंद्रात आम्ही वर्षातून एकदा मुलांना नेतो. 1992 पासून ते आपल्या शहरात आहे, तारांगण आहे, मुलं तिथून निघायला तयार नसतात. तिथे कळ दाबली की प्रयोग सुरू होतो. परत आल्यावर मुलं ती कळच करायला घेतात, पत्र्याची पट्टी, दोन खिळे आणि तार. मग पुन्हा पत्रा लागतो, खिळे लागतात, तार लागते.

तर मागणी अशी. मार्चमध्ये एकरकमी काही देऊ नका. जूनपासून तीन वर्षं, दर तिमाहीला, लोहा ओळीतल्या दुकानाची बिलं आणि तीन माणसांचं मानधन एवढं उचला. हिशेब पैशापैशाचा देऊ, मोडलेली पाती हवी असतील तर डब्यात साठवून तीही देऊ. दुसरं, तुमच्या मेंटेनन्स विभागातला एक फिटर किंवा इलेक्ट्रिशियन महिन्यातून एका रविवारी पाठवा. कर्मचाऱ्यांचे तास पैशात धरून सीएसआरमध्ये दाखवता येत नाहीत हे मला ठाऊक आहे. तरी पाठवा. ज्याचे हात काळे होतात असा माणूस मुलांना ‘मोठा साहेब’ वाटतो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

पोळ्याच्या आधी अजून दोन रविवार आहेत, कधीही सकाळी नऊला या. बॅनर आणू नका, भिंतीवर जागा नाही, तिथे करवती टांगल्या आहेत. जुना शर्ट घाला. बूट बाहेर काढू नका, खाली खिळे आणि सोल्डरचे थेंब असतात. आणि तुमच्याकडे थ्रीडी प्रिंटरचं नोझल साफ करू शकणारा कुणी असेल तर त्याला सोबत घेऊन या. प्रिंटर खिडकीजवळ, हिरव्या साडीखाली आहे.

आपली,
पाचपावलीच्या कार्यशाळेतली ताई